मेणाची ग्रंथी

माणसाच्या शरीरातून कापून टाकलेला अवयव श्रद्धेच्या बळावर पुन्हा उगवतो, हे झाबोलोत्ये गावात समस्त मानवजातीच्या वतीने सिद्ध झालं होतं. सिद्ध करणाऱ्या पराशकाआजी त्याआधी बदकं विकायच्या.

रविवारी चर्च सुटलं की आजींच्या अंगणात ही गर्दी लोटायची. गळ्यावर आडवा व्रण असलेल्या बायका या भागात कमी नाहीत. जवळची अणुभट्टी फुटून किरणोत्सर्ग पसरला तेव्हा त्या लहान होत्या. त्यापायी पुढे गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी काढावी लागली, आणि रोज एक गोळी जन्माची मागे लागली. आजी त्यांच्या डोक्यावर पाण्याचं भांडं धरायच्या आणि त्यात वितळलेलं मेण ओतायच्या. पहिल्या खेपेला निघायचा ओबडधोबड गोळा. "रिकामा गळा गं बाई!" शेवटच्या खेपेला आजी 'रोग कापायला' भांड्यावर सुरी आडवी ठेवायच्या, आणि निघायचं दोन पंखांचं फुलपाखरू. थेट दवाखान्यातल्या तक्त्यावरच्या ग्रंथीसारखं.

"उगवली! फेक त्या गोळ्या विहिरीत!"

गावातल्याच ओरेस्ताच्या धाकट्या बहिणीने, यारीनाने, फेकल्या.

"ताई, बघ, काहीसुद्धा झालं नाही मला!" असं ती दोन आठवडे गावभर सांगत होती. मग ऐन जूनमध्ये लोकरीची शाल आली, पापण्या सुजल्या, आवाज घोगरा झाला. शेंगा सोलता सोलता ती बसल्या जागी झोपू लागली.

"नवी ग्रंथी म्हणजे तान्हं बाळ," आजींनी खुलासा केला. "बाळ झोपणारच."

ओरेस्ता शाळेत जीवशास्त्र शिकवायची. तिचाही गळा कापलेला, तिचीही गोळी चालू. बहिणीशी वाद घालून घालून तिचा घसा बसला. शेवटी तिने नवऱ्याच्या, दानिलोच्या, गळ्याभोवती मफलर गुंडाळला आणि यारीनाला ओढत अंगणात नेलं.

"आजी, ह्यांचा गळा बघता का?"

आजींनी मेण ओतलं. गोळा निघाला. "अरेरे, साफ रिकामा! कधी कापला रे बाबा?"

दानिलोने मफलर सोडला. दाढीचे खुंट सोडले तर गळ्यावर काही नव्हतं.

आजी डगमगल्या नाहीत. "बघा, बघा! व्रणसुद्धा मिटला!"

"आजी, व्रण मिटला आणि ग्रंथी तेवढी उगवायची विसरली होय?" मागून कुणीतरी विचारलं. अंगण खो खो हसलं.

ओरेस्ताने भांडं बाकावर ठेवलं, त्यावर सुरी आडवी टाकली आणि मेण ओतलं. पात्यावरून ते दोन्ही बाजूंना ओघळलं. मधे बारीक पट्टी राहिली. झालं फुलपाखरू.

"अभिनंदन," ती म्हणाली. "बाकाला थायरॉइड उगवली."

यारीना हसली नाही. "पण ताई, पहिले पंधरा दिवस मी ठणठणीत होते. ते कसं?"

"लाकडं संपली तरी आपली चूल सकाळपर्यंत ऊबदार राहते ना? तसं ते औषध रक्तात टिकून राहतं. तू जगलीस जुन्या गोळ्यांवर आणि श्रेय दिलंस आजींना. आता चूल विझत आलीय, यारीना. आधी थंडी, सूज, झोप. मग हृदय मंदावतं, आणि एक दिवस माणूस उठतच नाही."

यारीनाने शाल घट्ट ओढली. "म्हणजे ती... उगवत नाही?"

"नखं उगवतात, केस उगवतात. ग्रंथी नाही. कुणी उगवली म्हणालं तर रक्त तपासायचं गं, मेण नाही."

डॉक्टरांनी रक्त तपासलं, यारीनाला मनसोक्त झापलं आणि औषध पुन्हा सुरू केलं. शाल उतरायला दीडेक महिना लागला. त्यात चमत्कार काही नव्हता.

आता दोघी बहिणींची गोळी सकाळी उपाशीपोटी. कॉफी अर्ध्या तासाने.