एक ते तीन बॅटरी बदलू नये

आमची गाडी नव्वद सालची. मागे पलंग, चूल, छोटा फ्रीज. माझ्या नवऱ्याचा, एकार्टचा, तिच्यावर माझ्याहून जास्त जीव. लेकीच्या लग्नाला जाताना ती वाटेत बंद पडली, नातवाच्या, यानेसच्या, बाप्तिस्म्याला जातानाही पडली. म्हणून या वेळी लेकीने, वीब्केने, फोनवर बजावलं होतं, "आई, शनिवारी यानेसच्या शाळेचा पहिला दिवस आहे. सकाळी दहाला दोघं हजर हवेत. पुन्हा त्या डबड्याचं कारण सांगणार असाल तर येऊच नका."

यानेससाठी मी कागदी शंकू केला होता. पहिल्या दिवशी पोरांनी मिरवायचा असतो तसा, चॉकलेटं आणि पेन्सिलींनी गच्च भरलेला. शुक्रवारी तळ्याकाठच्या कँपवरून निघायचं म्हणून तो पलंगावर नीट आडवा ठेवला, एकार्टने किल्ली फिरवली, तर नुसतं टक्. बॅटरी फुगून तडकली होती.

एकार्टने खणाची लांबी, रुंदी, उंची तीनतीनदा मोजली आणि सायकलला गाडा जोडून तो गावात गेला. नवी बॅटरी घेऊन घामाघूम परत आला तेव्हा एक वाजून गेला होता. एक ते तीन कँपवर विश्रांतीची वेळ. आवाज करायचा नाही.

"बसव ना पटकन," मी म्हटलं.

"एक वाजला, गुंडुला."

"नुसती ठेवून तर बघ. त्याला काय आवाज होतो?"

"आणि पाना हातून निसटला तर? डॉबर्टीनबाई काय म्हणतील?"

कँपच्या मालकीणबाई, डॉबर्टीन, स्वतः खुर्चीत घोरत होत्या. त्या घोरण्यापुढे पाना काहीच नव्हता. पण नाही! माझा नवरा हाताची घडी घालून बॅटरीसमोर बसला आणि मी त्याच्यासमोर धुमसत बसले.

तीनच्या ठोक्याला त्याने झाकण उघडलं. बॅटरी खणात चपखल बसली, फक्त टोकं उलटी निघाली. अधिकची तार उजवीकडे, बॅटरीचं अधिक डावीकडे. फिरवून ठेवली तर टोकं पलीकडच्या कडेला गेली आणि तार चार बोटं कमी पडायला लागली.

"कोणत्या बाजूची हवी, दुकानदाराने विचारलं नाही?"

"विचारलं. मी म्हटलं, मापं आहेत माझ्याकडे."

आणि दुकान शुक्रवारी तीनला बंद होतं. विश्रांती सोडून बघितलं असतं तर बॅटरी बदलून मिळाली असती. हे मी एवढ्या मोठ्याने बोलले की अख्ख्या कँपला कळलं. आता ओरडायला परवानगी होती.

शेजारच्या तंबूतले लेम्बके कॉफीचा मग घेऊन आले. "माझ्याकडे जाड तार आहे. तुकडा जोडून वर पट्टी गुंडाळू. श्वेरीनला लेकीकडे आरामात पोचाल."

"माझ्या गाडीत जुगाड चालणार नाही," एकार्ट म्हणाला.

तेव्हा मात्र माझं डोकंच फिरलं. "लेकीचं दार बंद झालं तरी चालेल, तार मात्र नियमात हवी! बस या गाडीच्याच उशाशी!" शंकू उचलला आणि मी तडक बसथांब्यावर गेले.

बाकावर बसून मी रागाने रडत होते. एकटी गेले काय आणि न गेले काय, वीब्केने दोघांना बोलावलं होतं. बस वळणावर दिसली आणि तिच्यामागून ओळखीचा खडखडाट आला. एकार्टचे हात काळे, कपाळ काळं.

"चढ लवकर. लेम्बकेची तार लावली. बंद केली तर परत सुरू होईल याचा भरवसा नाही."

माझा राग उतरला नव्हता. वाटेत तो जरा कुठे हळू झाला की मी म्हणायचे, "विश्रांती का?"

वीब्केच्या गल्लीत पोचलो तेव्हा लोक बाल्कनीत जेवत होते. इंजिन धडधडत ठेवून एकार्ट तसाच बसून राहिला. वरून कुणीतरी ओरडलं, "अहो, बंद करा ते धूड!" एकार्टचे कान लाल झाले, पण हात किल्लीकडे गेला नाही.

वीब्के धावत बाहेर आली. "आजच आलात?" मग वडिलांचे हात बघून ती खिडकीशी थांबली. "बाबा, बंद कर ना."

"आणि सकाळी सुरूच झाली नाही तर?"

"शाळा पलीकडच्या गल्लीत आहे. चालत जायचंय," ती म्हणाली. "आलात ना दोघं? आता आणखी कुठे जायचंय?"

एकार्टने किल्ली फिरवली.