मिशीवाल्याच्या हाताखाली चाळीस

धाकटीच्या डोळ्याचा आतला पडदा सुटला होता. डॉक्टरांनी तो जागेवर बसवला आणि चिकटून राहावा म्हणून डोळ्यात हवेचा फुगा सोडला. आता सात दिवस पोरीनं पालथं पडायचं, नाक उशीत. जेवताना मान खाली, मोरीत जाताना मान खाली. मान वर झाली की फुगा सरकणार, फुगा सरकला की पडदा सुटणार, आणि मग तो डोळा गेला म्हणून समजा. हे डॉक्टरांनी तिच्या आईला तीनदा सांगितलं. बाईंना एकदा सांगितलेलं कळायचं. तीनदा सांगितलं, तेव्हाच त्यांनी ओळखलं की हे साधं नाही.

बाई म्हणजे ही आई, खालच्या मजल्यावरच्या शिवणकारखान्याच्या मालकीण. चाळीस बायका मशीनवर आणि त्या चाळिसांवर त्या एकट्या. मुकादम कधी नेमला नाही. नेमावी अशी बाई अजून जन्माला यायची आहे, असं त्यांचं मत. शाळा दुसरीतच सुटलेली, पण आकड्यांना पक्क्या.

तिसऱ्या दिवशी धाकटीनं उशीतूनच सांगितलं की उद्या अकरा वाजता ती फक्त दोन तास उठून बसणार आहे. कॉम्प्युटरवर लढाईचा खेळ होता, शेवटचा सामना. पाच जणांचा संघ सहा महिने त्यासाठी घासत होता आणि एक जरी खुर्ची रिकामी राहिली तरी पाचही जण बाद. बाईंनी आधी तोंडाचा पट्टा सोडला. पोरगी ऐकेना. बापावर गेलेली, तोही असाच, सांगितलं की उलटं करणारा. शेवटी बाईच म्हणाल्या, "मी बसते खुर्चीत. तू पडल्या पडल्या सांग. उंटावरून शेळ्या हाक."

संध्याकाळभर शिकवणी चालली. अक्षरं परकी, म्हणून चेहरे पाठ केले. धाकटीच्या वाट्याला सैन्याच्या बावन्न तुकड्या, तीन सेनापती. मिशीवाल्याकडे चोवीस, नदीकाठी. टकलूकडे बारा, पुलावर. उरलेल्या सोळा हसऱ्याकडे, मागे, रेल्वे स्टेशनपाशी. जिथे भोक पडेल तिथे त्यानं धावायचं. स्टेशन एक वाजेपर्यंत टिकलं की जिंकलो. धाकटीनं बजावलं, "कुणाकडेही चोवीसच्या वर द्यायच्या नाहीत. त्यावर गेल्या की हुकूम पोचायला वेळ लागतो."

बाईंनी मान डोलावली, पण हसऱ्या त्यांना पटला नव्हता. लढाईच्या तोंडावर दात काढणारा माणूस. अशी एक त्यांच्या कारखान्यातही होती, कॉलर जोडणारी, दिवसभर फिदीफिदी. मिशीवाला मात्र कसा, कपाळाला आठी, ओठ मिटलेले. असा माणूस चाळीसही सांभाळतो. आपण नाही सांभाळत?

दुसऱ्या दिवशी सामना सुरू व्हायच्या आधी त्यांनी हसऱ्याच्या सोळाच्या सोळा तुकड्या उचलल्या आणि मिशीवाल्याच्या पदरात घातल्या. त्याच्या चित्राखालचा आकडा लाल झाला. लाल तर लाल. धाकटीला त्यातलं काही सांगितलं नाही.

पाऊण तास बरा गेला. धाकटी विचारायची, बाई उत्तर द्यायच्या, माउस सरकवायच्या. मग पुलाकडे शत्रूचे काळे बाण सरकू लागले, एकावर एक. बाईंनी मिशीवाल्याला सोळा तुकड्या पुलाकडे पाठवायचा हुकूम दिला. तुकड्या जागच्या हलेनात. पुन्हा दिला. ढिम्म. हेडफोनमध्ये संघाचा कप्तान, ज्याला धाकटी दाढीवाला म्हणायची, तो ओरडत होता, पूल बघा, पूल. हेडफोन बाईंच्या कानावर, म्हणून धाकटीला त्यातलं काही ऐकू जात नव्हतं. टकलूच्या बाराच्या आठ झाल्या, आठाच्या तीन. पूल गेला. बाई तोच हुकूम पुन्हा पुन्हा दाबत राहिल्या.

"आई, पूल आपल्याकडेच आहे ना?"

खरं सांगितलं तर पोरगी उठणार. बाईंनी आवाजात साखर कालवली. "आहे गं राणी. तू पड स्वस्थ."



"तू मला राणी कधी म्हणालीस? काय झालंय?" आणि मान उचलली. चार बोटं तरी उचलली.

बाईंचा डावा हात आपोआप गेला आणि पोरीच्या मानेवर बसला. डॉक्टरांचं तीनदा सांगणं एकदम कानात वाजलं. गोड बोलून भागणार नव्हतं.

"मान खाली घाल, भवाने. पूल गेलाय. मी घालवला. चाळीस दिल्यात मी त्या मिशाळ मेल्याला, आणि तो खांबासारखा उभा आहे. उठलीस तर पूलही गेला आणि डोळाही. नाक उशीत घाल आधी आणि मग काय बोलायचं ते बोल."

मान खाली गेली. शिवी ऐकल्यावर पोरीचा श्वासही जरा खाली बसला. उशीत कोंडलेल्या आवाजात ती म्हणाली, "चाळिसांवर एक? अगं, म्हणूनच तुझ्या कारखान्यात डाव्या बाह्या उजवीकडे लागतात."

"एकदाच लागल्या होत्या."

"तीनदा. सोळा काढ, हसऱ्याला दे. पूल सोड. फक्त स्टेशन धर."

बाईंनी सोळा तुकड्या हसऱ्याला दिल्या. त्यांना वाटलं होतं, हाही हलणार नाही. पण तुकड्या लगेच निघाल्या. एक वाजायला बावीस मिनिटं होती. माउस उजव्या हातात, डावा पोरीच्या मानेवर; तो त्यांनी काढला नाही. हेडफोन गळ्यात घसरला, तोही वर केला नाही. सोळाच्या अकरा झाल्या, अकराच्या सहा. दर थोड्या वेळानं त्या एक शिवी घालत, म्हणजे पोरीला कळावं की अजून सगळं बुडालेलं नाही.

एक वाजला तेव्हा स्टेशनात चार तुकड्या उरल्या होत्या. गळ्यातल्या हेडफोनमध्ये दाढीवाला काहीतरी आनंदानं बरळत होता. बाईंनी स्क्रीनकडे पाहिलंच नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे ती चार बोटं होती.

रात्रभर त्यांनी कुणाला ते बोलून दाखवलं नाही. सकाळी डॉक्टर तपासायला आले आणि त्यांनी विचारलं, मान वर झाली होती का.

"नाही," धाकटी म्हणाली.

"झाली होती," बाई म्हणाल्या आणि चार बोटं आडवी धरून दाखवली. "इतकी. चूक तिची नाही, माझी."

धाकटीनं उशीतच डोकं हलवलं. आईनं चूक कबूल केल्याचं तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. डॉक्टर दिवा घेऊन खाली वाकले. त्यांना फार वेळ लागला. खालून मशीनचा आवाज येत होता आणि बाई तो मोजत उभ्या होत्या.

"जागेवर आहे," डॉक्टर म्हणाले. "पण अजून तीन दिवस. आणि आता बोटभरही नाही."

बाईंनी पदरानं कपाळ पुसलं. मग जिन्याच्या तोंडाशी जाऊन त्यांनी खाली हाक मारली, कॉलरवालीला. आजपासून तीन दिवस वीस मशीन तिनं बघायच्या, म्हणाल्या, आणि हसायचं तेवढं हस, पण बाही उलटी गेली तर खबरदार.