कर्ण्याच्या घशातला दाखला

मित्रांनो, उंब्रजच्या बाजारपेठेमागे केरबा हवालदारांचे घर आहे. त्या घराच्या माळ्यावर, शेणींचा ढीग आणि फुटकी घागर यांच्यामध्ये, मी पालथा पडून आहे. मी त्यांचा जुना कर्णा. माझ्या काठाला पोचे आले आहेत. पाठीवर कधीकाळी पांढऱ्या रंगात ‘बँकेकडे तारण’ असे लिहिलेले होते. ती अक्षरे खरवडून काढली, तरी बोट फिरवले तर अजून लागतात. ती कशी आली आणि कशी गेली, तेवढेच मला सांगायचे आहे.

माझा जन्म कुठे झाला ते मला नीट आठवत नाही. पत्र्यावर पडणारे हातोडे आणि रंगाचा वास, एवढेच आठवते. १९७१ साली मी सांगलीच्या एका दुकानात टांगलेला होतो. केरबा तेव्हा पलटणीतून नुकतेच घरी आले होते. सिग्नलमध्ये पंधरा वर्षे तारा जोडलेल्या माणसाला दुसरा कोणता धंदा सुचणार? साताऱ्याच्या बँकेने त्यांना कर्ज दिले आणि त्यातून ॲम्प्लिफायर, माइक, बॅटरी आणि मी उंब्रजला आलो. कर्ज फिटेपर्यंत आमच्यावर बँकेचा हक्क राहणार होता. त्याची खूण म्हणून ती अक्षरे माझ्या पाठीवर आली.

पहिले वर्ष फार चांगले गेले. लग्ने, जत्रा, कुस्त्यांची मैदाने! कडुलिंबाच्या शेंड्याला मला बांधले की माझा आवाज तीन गावांच्या शिवारात जायचा. पण खरे सांगू? माझ्या तोंडून निघालेला एकही शब्द माझा नव्हता. लोक नवरदेवाकडे बघत, पैलवानाकडे बघत. वर झाडावर मी एकटाच असे.

मग दुष्काळ पडला. लग्ने दारातल्या दारात, पाच माणसांत उरकू लागली. मला कोण बोलावणार? हप्ते थकले, दंडाचे व्याज चढले आणि बँकेची पत्रे येऊ लागली.

अशा वेळी नाथाजी घरी आला. बँकेच्या दारात बसून लोकांचे अर्ज भरून देणे हा त्याचा उद्योग.

“हवालदार, बँकेच्या खिडकीवर गेलासा तर पुरतं सातशे मागतील,” तो म्हणाला. “मला साडेतीनशे द्या. सायेब आपल्या शब्दातला हाय. खातं मिटवतो.”

“आन् कागद?” केरबांनी विचारले.

“कागद तुमच्याच अंगणात, तुमच्या डोळ्यांदेखत फाडतो. मग तर झालं?”

मित्रांनो, इथे तुम्हाला एक जुनी रीत सांगितली पाहिजे. सावकाराचे पैसे फिटले की तो कर्जाचा कागद देणेकऱ्यासमोर फाडायचा. कागद फाटला की माणूस सुटला. त्याचे तुकडे मग घरची बाई नदीत सोडायची. केरबांनी लहानपणी आपल्या वडिलांना असेच सुटताना पाहिले होते.

केरबांनी साडेतीनशे मोजून दिले. चार दिवसांनी नाथाजीने सरकारी तिकीट लावलेला एक कागद आणला आणि टरकन फाडला.

“आवं, आदी वाचून तरी बघा,” रंगूबाई, केरबांच्या पत्नी, म्हणाल्या.

“फाडल्याला कागद काय वाचायचा? गूळ आण.”

रंगूबाईंनी गूळ आणला. तुकडे मात्र एका डब्यात ठेवले, येत्या अमावस्येला कृष्णेत सोडण्यासाठी. पण खडी फोडण्याच्या दुष्काळी कामातून त्यांना नदीवर जायला सवड झाली नाही.

पुढच्या वर्षी बँकेची माणसे जीप घेऊन आली. केरबांनी पुन्हा पुन्हा सांगितले, “कर्ज फिटलंय.” बँकेच्या माणसांनी खातेवहीवर बोट ठेवले. त्यात फेडीची एकही ओळ नव्हती. त्यांनी सगळा सेट उचलला, त्यात मीही.

साताऱ्याला बँकेच्या मागच्या खोलीत मला ठेवले. एक खिडकी, तीही बंद. शेजारी कुणाचे तरी शिलाई मशीन होते, पण तेही बोलत नव्हते. ज्याने तीन गावे जागी केली, त्याच्या तोंडात आता कोळी जाळे विणत होता. भिंतीपलीकडे मॅनेजर बाळगोंडा पाटील बसत. तिथले बोलणे ऐकणे, एवढीच माझी सोबत.

आठवड्यानंतर मला नालाच्या बुटांचा आवाज ऐकू आला. केरबा! सोबत रंगूबाई होत्या. मला नेल्याच्या दिवशीच त्यांनी ते तुकडे खळीने जोडले होते. केरबांनी तो वाचायचे टाळलेच होते. रंगूबाईंनी तो कागद सरळ मॅनेजरसमोर ठेवला.

पाटलांनी तो वाचला. “दोन पांढरे बैल, खरेदी पावती. हवालदार, बैलांचा व्यवहार मिटला. कर्ज आहे तिथंच आहे.”

मग केरबांचा आवाज आला, अगदी बारीक. “सायेब, हे भाईर कुणाला सांगू नका. हवालदार फसला म्हंत्याल.”

“नाही सांगत. पण ऐका. बँक कागद फाडत नाही. कर्ज फिटलं की त्याच कागदावर तसं लिहून, शिक्का मारून परत देते. तुम्ही वरच्या कचेरीला अर्ज करा. दुष्काळात धंदा बसला, दंडाचं व्याज सोडा म्हणा. किती सोडलं, किती भरायचं, कधीपर्यंत, हे लेखी हातात येऊ दे. मगच पैसे. तेही खिडकीवर, पावती घेऊन. माझ्याही हातात द्यायचे नाहीत.”

“तुमच्या बी हातात न्हाई?”

“माझ्या बी नाही.”

“म्हैन्याला साठ जमतील,” रंगूबाई म्हणाल्या. “उगं मिशीला पीळ देऊन शंभर म्हनू नका.”

केरबा साताऱ्याच्या एका कारखान्यात रखवालदार झाले. वरून लेखी उत्तर आले, दंड माफ झाला. त्यानंतर दर महिन्याच्या पाच तारखेला ते बूट पैशांच्या खिडकीपाशी वाजत. शिक्का पडल्याचा आवाज येई आणि बूट दूर जात. मला भेटायला कोणी येत नसे. मी बूट मोजत राहिलो. दहाव्या महिन्यात ते दूर गेले नाहीत. दार उघडले. बाकीचा सेट शिपायाने बाहेर नेला. केरबांनी माझ्या तोंडातले जाळे बोटाने काढले आणि मला काखेत घेतले. दुसऱ्या हातात शिक्क्याचा कर्जरोखा आणि ‘येणे बाकी नाही’ असा दाखला होता. घरी आल्यावर त्यांनी माझ्या पाठीवरची अक्षरे खरवडून काढली.

पुढच्या बाजारच्या दिवशी ते मला हॉटेलच्या खांबाला बांधत होते. दवंडीचे काम मिळाले होते. खाली बाकावर नाथाजी बसला होता आणि समोर बनुबाई. बँकेत माझ्या शेजारी असलेले शिलाई मशीन याच विधवेचे.

“तुज्यासमोर फाडतो की कागद,” नाथाजी तिला सांगत होता. बनुबाई पदराची गाठ सोडू लागल्या.

केरबांनी माइक तोंडाशी धरला.

“ऐका हो ऐका! मी केरबा, हवालदार. मला फसवलंय. कर्ज मिटवतो म्हनून माज्यासमोर बैलाची पावती फाडली आन् मी गूळ वाटला! पैसं खिडकीवरच भरा. फाटल्याला कागद घेऊ नका, शिक्क्याचा घ्या!”

कोणीतरी हसले. नाथाजी बशीतला चहा तसाच टाकून उठला. बनुबाईंनी गाठ पुन्हा आवळली. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच लोकांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले.

आता गावात नवे, मोठे सेट आले आहेत. केरबा कारखान्यातच आहेत. मला खाली उतरवायला कोणी येत नाही. चिमण्याही माझ्यात घरटे करीत नाहीत, कारण माझा घसा रिकामा नाही. मेणकापडात गुंडाळून तो दाखला रंगूबाईंनी तिथे ठेवला आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातही माळ्यावर असे एखादे जुने सामान असेल. त्याला टाकून देण्याआधी एकदा आत हात घालून बघा. आणि माझ्या घशातला कागद काढलात, तर वाचून परत तिथेच ठेवा. माझ्यापाशी तेवढीच सोबत आहे.