मिठाची मूठ

कढईतलं नारळाचं दूध आटत आलं, कडेनं तेल सुटायला लागलं आणि रोसमानिदारच्या हातातला कालथा जागच्या जागी थांबला. मीठ घातलं होतं का?

तिनं मागे वळून पाहिलं. मिठाचा डबा खिडकीत होता. वापरून झाला की डबा खिडकीत ठेवायचा, ही युक्ती तिनं हल्लीच काढली होती, लेकीला न सांगता. पण डबा आज तिथे गेला होता की कालच्या मासळीनंतर, ते काही केल्या आठवेना.

चाखलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण आज रमजानचा शेवटचा रोजा होता. जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकलं तर चालतं, असं इथले रॉटरडॅमचे इमाम सांगत. तिच्या गावाकडच्या, मिनांग जमातीच्या बायका मात्र ईदचं रेंदांग, नारळाच्या दुधात आटवलेलं हे मांस, न चाखता करत. मिठाला हात, बाकी सगळ्याला नाक. चाखणारीची चेष्टा वर्षभर चाले. साठ वर्षांत तिनं कधी चाखलं नव्हतं. आज चाखायचं म्हणजे आपलं डोकं कामातून गेलं हे आपणच कबूल करायचं.

मागच्याच महिन्यात ती रिकामं पातेलं गॅसवर ठेवून नमाजाला बसली होती. घरभर धूर झाला, आगीचा बंब आला. तिची लेक येल्मी इस्पितळातली पाळी सोडून धावत आली. ती रागावली नाही, याचीच रोसमानिदारला जास्त धास्ती वाटली. दुसऱ्या दिवशी वृद्धाश्रमाचा अर्ज टेबलावर आला.

"अमाक, तू घरात एकटी असलीस की माझा जीव थाऱ्यावर नसतो," आईला येल्मी म्हणाली होती. "ईदपर्यंत बघू. मग ठरवू."

उद्या ईद. तुर्की खाटकाकडचं दोन किलो गोमांस समोर रटरटत होतं. इथलं मांस लवकर विरघळतं, म्हशीच्या मांसासारखा दम धरत नाही, म्हणून ते उशिरा टाकायचं, हे तिच्या बरोबर लक्षात होतं. हळदीचं पान, गवती चहा, काही म्हणजे काही चुकलं नव्हतं. अर्ध्या तासापूर्वीची एक मूठ तेवढी हरवली होती.

अळणी रेंदांग ईदला वाढलं तर काय तोंड दाखवणार? शेवटी तिनं डबा उचलला आणि मूठभर मीठ टाकलं.

सूर्य मावळला. दोघींनी खजुरानं रोजा सोडला. उद्याच्यातलं थोडं आजच खाऊ या, म्हणून येल्मीनं ताटात दोन फोडी घेतल्या. रोसमानिदार स्वतःचा घास हातातच धरून लेकीच्या चेहऱ्याकडे बघत होती.

येल्मीचा जबडा क्षणभर थांबला. मग तिनं घास गिळला आणि पाण्याचा पेला रिकामा केला.

"छान झालंय, अमाक."

तिखट कमी आहे, तेल फार झालं, कोरडं पडलं, अशी काहीतरी खोट काढल्याशिवाय या पोरीनं आईच्या हातचं आजवर खाल्लं नव्हतं. रोसमानिदारनं आपला घास तोंडात घातला. जीभ झोंबली.

"खारट झालंय," ती म्हणाली.

"नाही गं. भाताबरोबर लागतंय चांगलं." येल्मी वर न बघता दुसरी फोड खाऊ लागली.

रोसमानिदारनं पाण्याचा घोट घेतला. मग तिनं, जणू शेजारणीच्या घराविषयी विचारावं तशा आवाजात, विचारलं, "तिथे स्वयंपाक करू देतात का गं?"

येल्मीनं भाताचं भांडं ओढलं आणि आईच्या ताटातल्या फोडीवर चमचा चमचा भात वाढत राहिली.