जुळेवाल्याची सुई

प्रयोगशाळेत सगळे त्याला जुळेवाला म्हणत आणि त्याच्या बायकोला सुईवाली. नावं चेष्टेतून पडली होती, पण दोघांनाही चपखल बसली होती.

तिथल्या सूक्ष्मदर्शकाला भिंग नव्हतं, होती फक्त एक सुई. ती धातूच्या इतकी जवळ न्यायची की टेकणार तर नाही, पण मधली फट ओलांडून विजेचा बारीक प्रवाह वाहील. मग ती ओळीओळीने फिरवायची. फट कमी झाली की प्रवाह वाढतो, वाढली की घटतो, आणि त्या चढउतारातून पडद्यावर एकेक अणू उमटतो. आंधळ्या माणसाने बोटांनी चेहरा चाचपावा, तसंच हे. आणि एवढ्या नाजूक कामाची सुई कापायची कशाने, तर पक्कडीने! तार धरायची आणि कापता कापता ओढायची. नशीब असेल तर टोकाशी एकच अणू पुढे राहतो. हे नशीब बहुधा सुईवालीच्याच हाताला होतं, म्हणून बाकीचे आपापल्या तारा घेऊन तिच्या टेबलाशी घुटमळत.

जुळेवाल्यालाही तिनेच सुई कापून दिली होती. त्या सुईने त्याला तांब्यावर विखुरलेले दुसऱ्या धातूचे अणू जोडीजोडीने दिसू लागले. आजवरचं गणित सांगत होतं की हे अणू एकमेकांपासून फटकून राहतात. इथे तर प्रत्येकाला जोडीदार! प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे सर, इतके खूश झाले की वर्षानुवर्षं हंगामी राहिलेल्या या माणसाला त्याच जोरावर पक्की नोकरी मिळवून द्यायची, असं त्यांनी मनावर घेतलं. सोमवारी समिती बसणार होती.

शनिवारी दुपारी सुईवाली त्याच्या पडद्याशी येऊन उभी राहिली. सगळ्या जोड्या एकाच दिशेने कशा, असं तिने विचारलं. त्याचं उत्तर तयारच होतं. तांब्यावर एकाच दिशेने जाणाऱ्या चऱ्या आहेत, अणू चरीत बसतात. मग चरीत सरळ बसायला हवेत, ती म्हणाली, हे जरासे तिरपे आहेत. यंत्र थोडं सरकतं, त्यामुळे, तो म्हणाला. तिने नुसतं "हं" केलं. हा "हं" तो लग्नापासून ओळखून होता.

"मधलं बोट पहिल्या बोटावर चढव," ती म्हणाली, "आणि दोन्ही शेंडे नाकाच्या टोकावरून फिरव."

लहानपणचा खेळ होता तो. त्याने बोटं फिरवली. नाकं दोन लागली. त्याने पुन्हा फिरवली, तरी दोनच. सुईच्या टोकाशी दोन अणू सारखेच पुढे आले असतील, तर एकच अणू दोनदा चाचपला जाणार होता, आणि पडद्यावर जुळं दिसणार होतं.

त्याचं डोकं चालेनासं झालं. चित्र आडवं केलं, उभं केलं, जुनी चित्रं काढली. चऱ्यांकडे बघितलं की जुळी खरी वाटत, तिरपेपणाकडे बघितलं की खोटी. चरीच्या दिशेला सुईचे दोन अणू योगायोगाने आले असतील? आणि आले नसतील हे कशावरून? इतके दिवस आपण तांबं बघत होतो की बायकोने कापलेली तार, हेच त्याला कळेना.

उपाय एकच होता. क्षणभर विजेचा जास्तीचा दाब दिला की सुईच्या टोकाचे अणू नव्याने बसतात. पण टोक बिघडलं तर यंत्र उघडून सुई बदलायला आठवडा जाणार होता, आणि सोमवार परवावर आला होता.

"आणि नाही दिला तर?" त्याने विचारलं.

"तर सोमवारपर्यंत जुळी आहेत."

"तुझं काय म्हणणं आहे?"

"मला नको विचारूस," ती खुर्चीत बसत म्हणाली. "मलाही ती नोकरी हवी आहे रे."

त्याला तिचा राग आला, सरांचा आला, त्या तारेचा तर फारच आला. मग त्याने दाब दिला आणि तोच भाग पुन्हा चाचपायला घेतला. चित्र वरून खाली ओळीओळीने उतरू लागलं. पहिला उंचवटा आला. शेजारी दुसरा आला. हुश्श म्हणून तो मागे टेकणार, तोच दोघांच्या खाली तिसरा डोकावला. मग सगळीकडेच जोडीच्या जागी तिघे, सगळे त्रिकोण एकाच मापाचे, एकाच बाजूला कललेले.

त्याला रडू यायला लागलं होतं आणि हसूही. त्यातलं आधी काय येऊ द्यावं ते ठरेना, म्हणून त्याने सरांना फोन लावला. सगळं सांगून टाकलं, तिसऱ्या अणूसकट. सोमवारी जुळी दाखवू नका, म्हणाला.

"मग प्रत्येक ठिकाणी खरे आहेत तरी किती?" सरांनी विचारलं.

"बहुतेक एकच, सर. पण तो मी अजून पाहिलेला नाही."

सुईवालीने खण उघडला आणि ती पक्कड शोधू लागली.