माझ्यावर बसून दिलेला शब्द

मी एक चटई बोलतेय. चटई, आणि भिंतीवर, काचेच्या मागे! ज्यांनी मला इथं टांगलं त्यांना चटई कशासाठी असते हेसुद्धा ठाऊक नाही. आणि म्हणे जग चालवतात.

मी किरिबातीची. भल्यामोठ्या समुद्रात कण्या सांडाव्यात तशी आमची बेटं. त्यातल्या किरितिमातीवर तेवाता म्हातारीनं मला विणलं. केवड्याची पानं तोडली, काटे काढले, विस्तवावर शेकून उन्हात वाळवली, ठोकून मऊ केली. बोटं चिरली तरी शिव्या देत देत विणत राहिली.

शिव्या मला नव्हत्या. ती लहान असताना एका मोठ्या देशाचे सैनिक बेटावर आले होते. बॉम्ब फोडून बघायला. स्वतःच्या अंगणात कशाला फोडतील? लोकांना म्हणाले, पाठ फिरवा, डोळे झाका. तेवाताच्या आईनं घरातली चटई ओढून पोरांच्या अंगावर टाकली. अणुबॉम्बाला आडोसा कशाचा, तर चटईचा! नंतर आंधळे झालेले पक्षी वाळूवर आपटत राहिले. आई पुढे रक्त ओकून गेली. कशानं, ते सांगायला कुणी आलं नाही.

म्हातारपणी तेवातानं एक चांगला दिवस पाहिला. अणुबॉम्ब नकोतच म्हणणाऱ्या करारावर आमच्या देशानं सही केली. गावात नाच झाला, डुक्कर भाजलं. तिचा दीर तेबाऊ मात्र खाता खाता म्हणाला, "वहिनी, ज्याच्या घरात थेंबभर दारू नाही त्यानं दारू सोडल्याची शपथ घेतली. बेवड्यांचं काय?"

"त्यांच्याकडे मागायची."

"काय, दारू?"

"सही मागायची, मुडद्या."

आमच्याकडे मागणं ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. समोर बसून कुणी काही मागितलं, तर नाही म्हणायचं नसतं. होडी मागितली तर होडी द्यायची. नाही म्हणणाऱ्याला गावात तोंड दाखवायची लाज वाटते. आमचे लोक समजले, सगळ्या जगालाच ती लाज असते.

त्याच मोठ्या देशाचा एक साहेब नव्या धक्क्याच्या उद्घाटनाला येणार असं कळलं, आणि तेवातानं मला विणायला घेतलं. सभेच्या मोठ्या छपराखाली मला अंथरलं. साहेबाला मांडी घालता येईना.

"बसा, बसा. चटई चावत नाही," तेवाता म्हणाली.

तिची नात रोतिया सरकारात कामाला होती. तीच दुभाषी. साहेबानं शहाळं संपवलं तशी म्हातारी सरळ बोलली, "माझं मागणं आहे. त्या करारावर तुमच्या देशाचीही सही हवी."

साहेब गोड हसला. "आजीबाई, तुमची भावना मी स्वतः वर पोचवीन."

रोतिया हळूच म्हणाली, "आजी, हा काही होकार नाही."

"नाही म्हणाला का?"

"नाही असं नाही म्हणाला, पण..."

"मग हो म्हणाला. टाळ्या वाजवा रे!"

गावानं टाळ्या वाजवल्या. मग साहेबानं माझ्यावरून हात फिरवला. "काय सुंदर चटई आहे! मला मिळेल?"

तेबाऊ कुजबुजला, "वहिनी, साहेब उठला की ही तू मरणाच्या वेळी अंगाखाली घ्यायला ठेवणार म्हणाली होतीस."

"मागितलंय त्यानं. आता काय करू?" म्हातारीनं मला गुंडाळलं आणि त्याच्या हातात दिलं.

तेव्हापासून मी साहेबाच्या देशातल्या या कचेरीत आहे. खाली पाटी: 'मैत्रीची भेट'. समोरच्या टेबलावर नव्या बॉम्बांची बोलणी होतात, बिस्किटं खात खात. सहीचा विषय मी एकदाही ऐकला नाही.

परवा रोतिया आली. आपल्या देशाच्या मंडळाबरोबर, त्याच सहीसाठी. बैठक संपली, साहेब पुन्हा म्हणाला, भावना वर पोचवीन. तेव्हा तिची नजर माझ्यावर पडली. ती खुर्ची सोडून साहेबासमोर जमिनीवर बसली, आमच्या रीतीनं.

"आजी अंथरुणाला खिळलीय. फार दिवस काढायची नाही. तिची चटई मागते."

"मला वाईट वाटतं," साहेब म्हणाला. "पण आता ती सरकारी मालमत्ता आहे. माझ्या हातात नाही."

रोतिया उठली. "एवढी चटई सुटत नाही तुमच्या हातून," ती म्हणाली, "बॉम्ब काय सुटणार!"

ती गेली. तिकडे म्हातारी विचारत असेल, सही झाली का? रोतिया तिला काय सांगेल, मला ठाऊक नाही.

तुम्ही कुणी या कचेरीत आलात, तर माझं कौतुक करू नका. काच फोडा आणि मला खाली काढा. तेवाता जिवंत असेल तर तिच्या अंगाखाली घाला. नसेल तर तिच्याबरोबर पुरा. मैत्रीची भेट म्हणून मला इथं लटकवू नका. मी भेट नाही. मी न पाळलेला शब्द आहे.