खालीवाली नळी

भावनाला कितीदाही विचारा, ती हेच सांगते की मी बरोबर ऐकलं होतं. आणि खरंच हो, बरोबरच ऐकलं होतं बाईनं! तिथंच तर घोडं पेंड खातं.

लाडली ही वरातीत मिरवणारी हत्तीण, लखनौजवळच्या मलिहाबादला एका आमराईत बांधलेली. थंडी सरली तशी ती खंगायला लागली. क्षय असावा अशी शंका आली आणि तिचे माहूत शफीकभाई यांना तंबी मिळाली, की निकाल लागेपर्यंत दुरूनच चारा टाकायचा. आता ज्यानं जन्मभर हातानं घास भरवला, त्यानं ऊस बांबूनं पुढं सरकवायचा? ते सरकवायचे आणि ती तोंड फिरवून उभी राहायची. खाणंच सोडलं तिनं, बाप्पा!

हत्तीच्या छातीचा फोटो काही निघत नाही. म्हणून भावनानं, म्हणजे नागपूरहून लखनौला नोकरीला आलेल्या आपल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी, तिचं रक्त घेतलं. एका नळीतल्या रक्तात क्षयाच्या जंतूचं प्रोटीन टाकायचं, दुसरीतलं रक्त कोरंच ठेवायचं. त्या जंतूशी आधी गाठ पडली असेल तर रक्तातल्या पेशी खवळतात, नसेल तर ढिम्म. ते खवळणं मोजायचं, कोरी नळी फक्त तुलनेला. स्टँडमध्ये कोरी वर आणि प्रोटीनवाली खाली, ही भावनाची नेहमीची पद्धत.

निकालाच्या दिवशी लाडलीला सलाईन लावायला भावना आमराईत गेलेली. तिथूनच तिनं लखनौच्या सरोजिनी नगरला, प्रयोगशाळेतल्या अनन्याला फोन लावला. अनन्या मराठी घरातली, पण लखनौतच वाढलेली. मराठी सगळी कळते, उत्तर मात्र हिंदीत.

"काय गं, खालीवालीत काय आलं?"

"खालीवाली में तो कुछ नहीं आया, ताई. एकदम शांत. पर—"

रेंज गेली. जाऊ दे मेली, हवं ते ऐकून झालं होतं! भावनाचा जीव भांड्यात पडला. "साफ है, शफीकभाई," ती ओरडलीच. म्हाताऱ्यानं बांबू फेकला नि सोंडेला मिठी मारली. रडतारडता तिला रोट्या भरवल्या, आणि तिनं सगळ्या खाल्ल्या. पोटभर खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी टेबलावर कागद. क्षयाच्या नळीतला आकडा हा एवढा!

"हे कुणाचं?"

"लाडली का, ताई."

भावनाला काही सुधरेना. नळ्या बदलल्या? यंत्र बिघडलं? तिनं उरलेला नमुना पुन्हा लावला, आकडा तोच. "अगं, काल तूच म्हणालीस ना, खालीवाली शांत आहे?"

"हाँ, तो शांत ही है. खाली में हमने कुछ डाला ही कहाँ था?"

भावनाच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. भावनाची खाली म्हणजे मराठीतली, स्टँडमधली खालची. अनन्याची खाली म्हणजे हिंदीतली, रिकामी, कोरी.

"इतकी वर्षं घरात मराठी ऐकतेस ना गं!"

"पर 'वाली' तो आपने हिंदी का लगाया था," अनन्या रडकुंडीला येऊन म्हणाली.

जीप काढली आणि भावना मलिहाबादला निघाली. शरमेनं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

शफीकभाईंनी सगळं ऐकून घेतलं. "कल साफ थी. रात भर में बीमार हो गई?"

"नाही, म्हणजे, नहीं. मेरी गलती थी. इसका खून टीबी को पहचानता है."

"तो बीमार है?"

"वो अभी पता नहीं. कभी छूकर निकल गई होगी, या अंदर बैठी होगी. सोंड का पानी जाँचेंगे, हफ्ते लगेंगे."

"मतलब है भी, नहीं भी?"

भावनाला स्वतःलाच ते धड वाटेना. पण एवढं नक्की होतं, की तोवर पुन्हा लांब राहायचं, आणि तेही तिलाच सांगावं लागलं. शफीकभाईंनी लाडलीकडं पाहिलं. ती सोंड पुढं करून रोटीची वाट बघत होती.

त्यांनी कुर्त्याची बाही वर सरकवली आणि हात भावनापुढं धरला. "हमारा भी ले लीजिए."

"इन्सान का हमारे यहाँ नहीं होता. अस्पताल चलिए, जाँच तो आपकी करनी ही है."

"हममें भी निकल आई, तो साथ रहने देंगी न? फिर कौन किससे बचेगा?"

वेड लागलंय का, असं ती म्हणणार होती. पण म्हाताऱ्याचा चेहरा आशेनं फुलून आला होता. स्वतःच चढून ते जीपमध्ये पुढच्या सीटवर बसले आणि चला म्हणाले. भावनानं गाडी सुरू केली. म्हाताऱ्यासाठी कोणता निकाल मागावा, हे मात्र तिला दवाखाना येईपर्यंत कळलं नाही.